रेंज बंद, तळघर चालू

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी माझ्या एका वर्गमित्राचा मुलगा बहिणीच्या लग्नासाठी अमेरिकेतून आला होता. वय छत्तीस, मिनेसोटात सॉफ्टवेअरची नोकरी. लग्नाच्या गडबडीतही त्याच्या आईने त्याला माझ्याकडे पिटाळलं. ‘पोट साफ होत नाही, झोप लागत नाही, सारखा खेकसतो. तुम्ही बघा जरा.’ मी बघितलं, पण सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बघतात तसं, म्हणजे घाईत. रक्तदाब थोडा वाढलेला होता. बैठं काम, लांबचा प्रवास, उलटसुलट झोप, वर लग्नघरातलं जेवण. ॲसिडिटीची गोळी आणि रात्री इसबगोल लिहून मी पुढच्या पेशंटचा केसपेपर हातात घेतलासुद्धा होता.

अडकलो ते एका बारीक गोष्टीवर. मी काही विचारलं की तो मान डावीकडे वळवून उजवा कान पुढे करायचा.

‘डाव्या कानाने कमी ऐकू येतं का रे?’

‘थोडं. ते शूटिंगमुळे असेल, काका.’

शूटिंग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कॅमेराच आला. मग उलगडा झाला. गेली सहा वर्षं तो शॉटगनने, म्हणजे छऱ्याच्या बारा बोर बंदुकीने, उडत्या तबकड्या फोडतो. एप्रिल ते ऑक्टोबर दर शनिवारी, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा. मी केसपेपर खाली ठेवला आणि सहज विचारलं, ‘मग आता बर्फात बंद असेल सगळं?’

‘रेंज बंद असते. पण हिवाळ्यात कामं खूप असतात ना. तळघरात बसून पुढच्या हंगामाची काडतुसं भरतो. आणि हात बसलेला राहावा म्हणून आठवड्यातून दोनदा बंदिस्त रेंजवर पिस्तूल चालवतो.’

त्याच दिवशी मी त्याचं रक्त शिशाच्या तपासणीसाठी पाठवलं. बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत आली होती, त्यांचंही पाठवायला लावलं. (त्याच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मराठी घरात नेमबाजी म्हटलं की रायफल आणि पिस्तूल आठवतं. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे ही सगळी त्याच वाटेवरची माणसं. शॉटगनचा प्रकार वेगळा आहे. तिथे लक्ष्य स्थिर नसतं. साधारण अकरा सेंटिमीटर व्यासाची तबकडी यंत्रातून हवेत फेकली जाते आणि नेमबाज नळी तिच्या मागून, तिच्या पुढे नेत छऱ्यांचा झोत सोडतो. या तबकडीला आजही ‘क्ले पिजन’, म्हणजे मातीचं कबूतर म्हणतात, कारण पूर्वी खरी कबुतरं सोडत असत. 1900 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तर जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली होती. आपल्याकडे या खेळावर राजस्थान आणि पंजाबचा ठसा जास्त. बिकानेरचे करणी सिंह यांनी 1962 च्या कैरोतल्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं, आणि राज्यवर्धन सिंह राठोड यांचं 2004 चं अथेन्समधलं रौप्य तर सगळ्यांनाच आठवत असेल. आपल्याकडे हिवाळा हा या खेळाचा हंगाम असतो. मिनेसोटात उलट. तिथे पारा शून्याखाली वीसपर्यंत उतरतो, काही हट्टी क्लब बर्फातही तबकड्या फेकतात, पण बहुतेकांची बंदूक नोव्हेंबर ते मार्च कपाटात असते. शाळकरी मुलांच्या तबकडी नेमबाजीच्या मोठ्या लीग त्या राज्यात चालतात, त्यांचाही मोठा हंगाम बर्फ वितळल्यावरच सुरू होतो.

म्हणजे चार-पाच महिने रिकामे. छंदी माणसाला रिकामे महिने सोसत नाहीत, आणि माझ्या मते खरा धोका तिथे सुरू होतो. उन्हाळ्यात हा खेळ मोकळ्या माळावर असतो. धूर, धूळ, आवाज सगळं वाऱ्यावर जातं. हिवाळ्यात तोच छंद दारं-खिडक्या बंद असलेल्या घरात येऊन बसतो आणि शिसं त्याच्याबरोबर आत येतं.

शिसं किती, याचा हिशोब करून बघा. अमेरिकेत ट्रॅपसाठी बऱ्याचदा वापरतात त्या एका काडतुसात 28 ग्रॅम छर्रे असतात. एक फेरी 25 तबकड्यांची, म्हणजे 700 ग्रॅम. दिवसाला चार फेऱ्या केल्या तर जवळजवळ तीन किलो. छऱ्यांमध्ये शिशाबरोबर थोडं अँटिमनी असतं. शिवाय काडतुसाच्या बुडाशी जी टोपी ठोकर बसल्यावर पेटते, तिच्या मसाल्यातही बहुधा शिशाचंच संयुग असतं. ते जळून अतिशय बारीक कण तयार होतात. घन शिशाचा गोळा हातात धरल्याने फारसं काही होत नाही. घातक आहे ती धूळ. वापरलेल्या काडतुसाची जुनी टोपी काढताना ती सांडते, छर्रे ओतताना बोटांना लागते, टेबलावर, गालिच्यावर आणि स्वेटरवर बसते. तोच हात मग चहाच्या कपाला लागतो.

बंदिस्त रेंजवर तर ती धूळ थेट नाकावाटे आत जाते. हवा नेमबाजाच्या पाठीमागून येऊन लक्ष्याच्या दिशेने बाहेर ओढली जात असेल तर ठीक. पण थंडीच्या दिवसांत बाहेरची हवा आत घेऊन तापवायला खर्च येतो, आणि खर्च आला की पंखा मंद होतो. गोळीबारानंतर तोंडाला गोडसर, धातूसारखी चव येत असेल किंवा शिंकरलं की रुमाल काळा होत असेल, तर त्या रेंजवर पुन्हा जाऊ नये. आमच्या पाहुण्याला दोन्ही होत होतं. तो समजत होता की हा बारुदाचा वास.

अहवाल चार दिवसांनी आले. दर डेसिलिटर रक्तात त्याचं शिसं 34 मायक्रोग्रॅम, बायकोचं 6 आणि मुलीचं 9.

या आकड्यांचा अर्थ सांगायला हवा. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी शास्त्राला सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार 5 किंवा अधिक आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. अमेरिकेत मुलांसाठी 3.5 हा आकडा धरतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलीचं 9 हे बापाच्या 34 पेक्षा मला जास्त बोचलं. तिने कधी बंदुकीला हात लावला नव्हता. ती फक्त तळघरात बापाशेजारी बसून चित्रं काढायची, खाली सांडलेले ‘काळे मणी’ वेचून डब्यात टाकायची. बाप कौतुकाने सांगत होता.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो, लहान मुलाच्या पोटातून जवळजवळ निम्मा. मूल पंडुरोगी असेल, आहारात कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त. आतडं शिसं आणि लोह-कॅल्शियम यांत नीट फरक करू शकत नाही, भुकेलं असलं की समोर येईल ते उचलतं. वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम बुद्धी, एकाग्रता आणि वागणं यांवर होतो, आणि झालेली हानी भरून काढणारं औषध नाही. 9 या पातळीला मूल आजारी दिसत नाही. खेळतं, खातं, हसतं. आम्ही विद्यार्थी असताना हिरड्यांवरची निळी रेष आणि लुळं पडलेलं मनगट पाठ केलं होतं. ती लक्षणं फार उशिराची आहेत, त्यांची वाट बघत बसलं तर डॉक्टर नेहमीच उशिरा पोचणार. मोठ्या माणसात आधी दिसतं ते चिडचिड, थकवा, बद्धकोष्ठ, पोटात पिळवटणं, झोप उडणं, चढता रक्तदाब. म्हणजे आमच्या ओपीडीतल्या निम्म्या पेशंटांची तक्रार. म्हणून विचारायला हवं की हात कशात असतात. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कामगाराला आम्ही हे विचारतो. लॅपटॉपवाल्याला मी विचारलं नव्हतं. डावा कान मध्ये आला म्हणून विचारलं.

एक विसंगतीही सांगतो. अमेरिकेतल्या कारखान्यांसाठीच्या जुन्या नियमानुसार कामगाराच्या रक्तातल्या शिशाची सरासरी 50 ला गेली की त्याला पगार चालू ठेवून शिशाच्या कामावरून हलवावं लागतं. 50 हा आकडा आजच्या ज्ञानाने फारच ढिला आहे, तरी नियम तरी आहे. छंद म्हणून शिसं हाताळणाऱ्याला तोही लागू नाही. त्याचं रक्त कोणी तपासत नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं भरणं हा गुन्हाच आहे, त्यामुळे हे दृश्य इथे सहसा दिसणार नाही.

उपचार काय केला? औषध म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. शिसं बाहेर काढणारी औषधं आहेत, पण मुलांत ती 45 च्या पुढे विचारात घेतात आणि मोठ्यांत त्याहून वर. या आकड्यांना त्यांचा उपयोग नाही, अपाय होऊ शकतो. इलाज एकच, आवक बंद करणं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत साठलेलं वर्षानुवर्षं झिरपत राहतं, त्यामुळे मोठ्यांचा आकडा त्या वेगाने उतरत नाही. हाडांतलं शिसं गरोदरपणात आईच्या रक्तात येऊन बाळापर्यंतही पोचतं. दुसऱ्या मुलाचा विचार चालू होता, म्हणून हे त्या दोघांना समोर बसवून सांगितलं.

तळघरातला गालिचा गेला. फरशी ओल्या फडक्याने पुसायची, झाडू अजिबात मारायचा नाही, कारण झाडूने धूळ उडते आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर तीच धूळ मागच्या बाजूने घरभर फेकतो. रेंजवरचे कपडे वेगळे धुवायचे, बूट दाराबाहेर. हात आधी गार पाण्याने. नुसत्या साबणाने शिसं पुरतं निघत नाही, त्यासाठी वेगळे ओले पुसणे मिळतात. आणि काडतुसं भरण्याचं यंत्र मूल असलेल्या घरात ठेवायचं नाही. या शेवटच्या मुद्द्यावर तो थोडा वाद घालत होता, की काडतुसं स्वस्त पडतात. मी मुलीचा अहवाल पुन्हा त्याच्यापुढे सरकवला.

मग त्याने जे विचारलं ते रास्त होतं. ‘हे बंद केलं, तर पाच महिने मी करू काय?’ त्यावर पुढच्या दोन-तीन फोनांत आमचं बरंच बोलणं झालं. त्यातलं काही त्याच्या क्लबच्या जुन्या प्रशिक्षकाने सुचवलेलं आहे, काही माझं.

पहिलं काम कानाचं. बारा बोरच्या बंदुकीचा आवाज साधारण 150 ते 165 डेसिबल असतो. अशा क्षणिक दणक्यासाठी धोक्याची रेषा 140 ला आखतात, आणि ती ओलांडली की एकच बार कायमचं नुकसान करू शकतो. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजव्याला डोक्याची आडोसा-भिंत मिळते. म्हणून डावा आधी जातो. सुरुवात 4000 हर्ट्झच्या आसपास होते, म्हणजे बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत, स, श, फ यांसारखी अक्षरं गळतात. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात. कबुतराचा कान बरा होतो, कबुतर मारणाऱ्याचा होत नाही!

हंगामात केलेली श्रवण चाचणी फसवी असू शकते, कारण दणक्यानंतर कान काही काळ तात्पुरता बधिर असतो. हिवाळ्यात, आठवडाभर शांततेत गेल्यावर, चाचणी करून घ्यावी आणि कागद जपून ठेवावा. दर हिवाळ्यात एक. वर्षाला रेष किती खाली सरकली ते त्यावरून कळतं. कानात बोळा आणि वरून मफ, दोन्ही वापरावं. दोन्हीचं संरक्षण बेरजेने वाढत नाही, चांगल्या एकापेक्षा पाचेक डेसिबलच जास्त मिळतात, पण या आवाजाला ते पाचही हवेत. थंडीत बर्फात बार काढणारे मफच्या आत लोकरीची टोपी घालतात, तिने मफची पकड सुटते आणि आवाज आत शिरतो. आमच्या या गड्याने दोन हिवाळे हेच केलं होतं.

दुसरं काम म्हणजे बाराशिवाय सराव, आणि तो बंदिस्त रेंजवरच्या पिस्तुलापेक्षा शॉटगनवाल्याच्या जास्त उपयोगाचा आहे. शॉटगनमध्ये नेम धरत नाहीत. नजर तबकडीवर असते, दोन्ही डोळे उघडे, आणि बंदूक प्रत्येक वेळी गालावर आणि खांद्यावर त्याच जागी येऊन बसावी लागते. गाल बंदुकीकडे न्यायचा नाही, बंदूक गालाकडे आणायची. ही हालचाल घरात आरशासमोर सावकाश करता येते. नळीत छोटी बॅटरी बसवून भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवरून उजेडाचा ठिपका फिरवायचा, ठिपका रेषेवरून ढळला की समजायचं खांदा किंवा कंबर अडली. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. मात्र हे करताना एकही काडतूस त्या खोलीत नसावं, ती दुसरीकडे कुलपात असावीत, बंदूक उघडून स्वतःच्या डोळ्यांनी रिकामी आहे हे दरवेळी बघावं, आणि संपलं की तीही कुलपात. चार वर्षांचं मूल घरात आहे म्हटल्यावर यात ‘आजच्या दिवस चालेल’ असं काही नाही.

या मुक्या सरावाचा आणखी एक फायदा आहे. हजारो दणके खाल्ल्यावर काही नेमबाजांचं शरीर चाप ओढायच्या आधीच दचकायला लागतं. इच्छाशक्तीने ते थांबत नाही. अमेरिकेत काहीजण त्यावर चाप दाबल्यावर नाही तर सोडल्यावर बार निघेल अशी यंत्रणा बसवून घेतात. मला ते आजार सोडून लक्षणाला पट्टी बांधल्यासारखं वाटतं. दणका नसलेले चार महिने मेंदूला मिळाले तर काहींची दचक मावळते.

शरीराबद्दल थोडक्यात. पावणेचार किलोची बंदूक शेकडो वेळा उचलायची तर खांद्याच्या पात्यामागचे स्नायू आणि पाठीची वळण्याची क्षमता लागते. रबरी पट्ट्याने मागे ओढण्याचे व्यायाम, भिंतीशी उभं राहून धड वळवणं, एका पायावर उभं राहणं, एवढ्याने काम होतं. बर्फावरून चालणं किंवा स्कीइंग उत्तम. दारातला बर्फ फावड्याने उपसणं हा मात्र व्यायाम समजू नये. गार हवा, श्वास रोखून वजन उचलणं आणि पन्नाशीचं हृदय यांची गाठ तिकडे दर हिवाळ्यात पडते. चाळिशीनंतर डोळेही याच दिवसांत तपासावेत. सुरुवातीचा मोतीबिंदू वाचताना जाणवत नाही, करड्या आभाळावरची केशरी तबकडी शोधताना जाणवतो.

आता आपल्या घरांकडे येतो. आपल्या शहरांत हजारो मुलं दहा मीटर एअर रायफल शिकतात. तिथे बारूद नाही, धूर नाही, म्हणून पालक निर्धास्त असतात. पण त्यांची साडेचार मिलिमीटरची गोळीही बहुधा शिशाचीच असते. धोका तळघराएवढा नाही, तरी सवयी आत्ताच लावाव्यात. गोळ्या तोंडात किंवा ओठांत धरायच्या नाहीत, मी हे करणारी मुलं पाहिली आहेत. सराव संपल्यावर हात आणि तोंड धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. लक्ष्यामागची गोळ्यांची पेटी मुलांकडून रिकामी करून घ्यायची नाही, तिच्यातच सगळा चुरा असतो. आणि मुलाचं, विशेषतः वयात येणाऱ्या मुलीचं, हिमोग्लोबिन वर्षातून एकदा बघायचं. लोह भरलेलं असलं की शिशाला जागा कमी मिळते.

या जानेवारीत त्याचे नवे अहवाल आले. त्याचं 11, मुलीचं 4, बायकोचं 3. काडतुसं भरण्याचं यंत्र त्याने विकून टाकलं, आता तयार काडतुसं घेतो आणि वर्षाला फेऱ्या थोड्या कमी करतो. पोटाची तक्रार उन्हाळ्यातच गेली होती. रक्तदाब अजून वरच्या अंगाला आहे, त्याला मीठ आणि त्याचे वडील दोघेही जबाबदार असावेत. तळघरात आता एक उंच आरसा आहे, मुलगी त्याच्यासमोर नाचते, आणि ती झोपल्यावर तो बंदूक काढतो. श्रवण चाचणीची रेष गेल्या वर्षी होती तिथेच आहे. फोन तो उजव्याच कानाला लावतो.